सोलापूरहून शिखर शिंगणापूर: गाडी करून एका दिवसात जाऊन येणं जमतं का?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. आमचं कुलदैवत शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव. धाकट्या भावाचं लग्न माघात झालं. तो आणि भावजय दोघंही हैदराबादला नोकरीला असतात, त्यामुळे जोडप्यानं कुलदैवताला जाऊन येणं राहूनच गेलंय. आईच्या तोंडी सध्या दुसरा विषय नाही. होळीनंतरच्या रविवारी दोघं येतायत, सोमवारी पहाटे परत जायचंय. म्हणजे हातात एकच दिवस.

आईचे गुडघे पाहता एसटी बदलत बदलत नेणं शक्य नाही. ड्रायव्हरसकट एर्टिगा करायचं ठरवतोय. आई, आम्ही नवराबायको, भाऊ, भावजय आणि आमचा चौथीतला मुलगा. डोक्यात आखणी अशी आहे: पहाटे ५ ला निघायचं, वाटेत पंढरपूरचं दर्शन, वेळापूरचं अर्धनारीनटेश्वर मंदिर, मग शिखर, तिथलं गुप्तलिंग, येताना गोंदवले, म्हसवडचा सिद्धनाथ, आणि रात्री ९ पर्यंत घरी.

रस्ता कोणता घ्यावा? आईला पायऱ्या झेपतील का? गाडीचं साधारण काय पडतं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

कडकभाकरी

पाच देव, एक लिंग, एक दिवस. संध्याकाळपर्यंत तुम्हालाच आठवणार नाही कुठल्या देवाला काय मागितलं ते.

एमएच_तेरा

रस्ता सांगतो, बाकी तुमचं तुम्ही बघा.

पुणे हायवेनं मोहोळ, तिथून डावीकडे पंढरपूर, वाखरी, वेळापूर, माळशिरस, नातेपुते. मोहोळपासून नातेपुत्यापर्यंत पालखी मार्गच आहे, राष्ट्रीय महामार्ग ९६५. चौपदरी झाल्यापासून या पट्ट्यात गाडी नुसती पळते. नातेपुत्याला हा मार्ग सोडून डोंगराकडे वळायचं. एका बाजूनं साधारण एकशे साठ किलोमीटर धरा. न थांबता तीन तास, चहाला थांबून साडेतीन.

दुसरा रस्ता मंगळवेढा, सांगोला, म्हसवड. मंगळवेढा-सांगोल्यापर्यंत तोही हायवे चांगला आहे, पुढं साधा. जाताना एक, येताना दुसरा असं लोक करतात. म्हातारं माणूस सोबत असेल तर मी दोन्ही वेळा पालखी मार्गच घेईन.

पाच म्हणजे पाचलाच निघालात तर साडेआठला डोंगरावर. हे जमलं की बाकी सगळं जमतं.

शेंगाचटणी

ड्रायव्हरला 'शिखर' हा शब्द दोनदा ऐकवा. आमच्या शेजाऱ्यांनी नुसतं 'शिंगणापूरला जायचंय' म्हणून गाडी ठरवली. ड्रायव्हरनं मॅपवर शनिशिंगणापूर टाकलं. मोहोळचा फाटा मागे गेला तरी गाडी आपली टेंभुर्णीच्या दिशेनं. मागच्या सीटवरच्या आत्या जाग्या झाल्या नसत्या तर महादेवाऐवजी शनीला तेल घालून आले असते सगळे.

कडकभाकरी

@शेंगाचटणी, म्हणजे साडेसाती गाडीत बसल्यापासूनच सुरू की ओ.

माणदेशी

मी म्हसवडचा, सध्या मुक्काम पुण्यात. शिखर आमचं घरचं अंगण.

पहिलं म्हणजे पाडव्याच्या आधी जाताय ते उत्तम. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत यात्रा असते. पंचमीला देवाची हळद, अष्टमीला शंकर-पार्वतीचं लग्न, द्वादशीला कावडी. त्या पंधरवड्यात एका दिवसात जाऊन येतो असं कुणी म्हटलं तर आमच्याकडे हसतात.

दुसरं, गाडी डोंगरावर गावापर्यंत जाते. हे ऐकून लोकांना वाटतं गाडी देवळाच्या दारात लागेल. तसं नाही. गाडीतळापासून पुढं दगडी पायऱ्या आहेत, त्या चढाव्याच लागतात. रुंद आहेत, दोन्ही बाजूला बेल-फुलांची, पेढ्यांची दुकानं आहेत, टेकायला जागा मिळते. गुडघे दुखणारी माणसंही थांबत थांबत जातात, मात्र सकाळी. मार्चमध्ये अकरानंतर तो काळा दगड असा तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. आईंसाठी जाड सुती मोजे न्या. एवढी एक गोष्ट विसरू नका.

वर गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, एक शिवाचं आणि एक शक्तीचं. नव्या जोडप्याला शिखरला आणतात त्यामागं हेही असेल, असं आमची आजी म्हणायची. भोसले घराण्याचं हे कुलदैवत. खाली मालोजीराजांनी बांधलेला पुष्कर तलाव आहे. पाण्याचे हाल असलेल्या डोंगरावर यात्रेकरूंसाठी बांधलेला, तो आवर्जून बघा. आणि मुख्य देवळाखाली बळीचं, म्हणजे अमृतेश्वराचं देऊळ आहे, तेही बघा. लोक सरळ पुढं निघून जातात.

गुप्तलिंग वेगळ्या ठिकाणी आहे आणि तिथं पायऱ्या उतरून जावं लागतं. उतरलेलं चढावंही लागतं. आई गाडीत बसणार असतील तरच तिकडं वळा.

जुळे_सोलापूरकर

@माणदेशी, मनापासून आभार. मोजे लिहून ठेवले. गुप्तलिंग आईला न विचारता कापलं.

@एमएच_तेरा, पंढरपूर वाटेवरच आहे ना, मग अर्ध्या तासात दर्शन करून पुढं गेलो तर?

एमएच_तेरा

रविवारी? पंढरपुरात? अर्ध्या तासात?

शेंगाचटणी

रांगेत उभं राहिल्यावर अर्ध्या तासात चप्पल कुठं ठेवली हेच ठरतं हो. येताना संध्याकाळी नामदेव पायरीशी जाऊन कळसाला हात जोडा नाहीतर मुखदर्शनाच्या रांगेचा अंदाज घ्या. वारकरीसुद्धा तेवढ्यावर समाधान मानतात. विठोबा रागवायचा नाही.

स्टेअरिंगवाला

मी सोलापुरात टुरिस्ट गाडी चालवतो. कुणी विचारलं नाही तरी आमच्या बाजूनं लिहितो.

आधी पैशाचं. बाहेरगावच्या भाड्याला किलोमीटरचा दर असतो आणि दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. तुमचं जाऊन-येऊन ३२० होतंय, म्हणजे तुम्ही किमानच्या वर आहातच. एर्टिगाला समजा १६ रुपये दर सांगितला तर ५१२० झाले. त्यावर ड्रायव्हरचा भत्ता, टोल वेगळा. सोलापूर सोडल्या सोडल्या सावळेश्वरचा टोल लागतो, पुढं पालखी मार्गावर आणखी. गोंदवले-म्हसवड वाढवलंत तर किलोमीटर वाढणार. मोजणी गॅरेजपासून गॅरेजपर्यंत की तुमच्या दारापासून, हे आधी बोलून घ्या. नव्वद टक्के भांडणं यावरूनच होतात. रात्री ठरावीक वेळेनंतर परत आलात तर जादा भत्ता आहे का, तेही विचारा.

आता माझं म्हणणं. गाडी ठरवताना लोक विचारतात एसी आहे का, म्युझिक आहे का, गाडी कुठल्या सालची. कुणीही विचारत नाही की ड्रायव्हर आदल्या रात्री झोपला होता का. लग्नसराईत मी स्वतः बघितलंय, रात्री बाराला वऱ्हाड सोडून आलेला पोरगा पहाटे चारला दुसऱ्याच्या दारात उभा असतो. मालकाला दोन्ही भाडी पाहिजे असतात. तुम्ही फोन करून सरळ विचारा, आदल्या दिवशी गाडी कुठं आहे? तोच ड्रायव्हर येणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी गाडी बघा.

आणि दुपारी जेवल्यावर त्याला तासभर झोपू द्या. तुम्ही म्हणणार आम्ही पैसे मोजलेत. मोजलेत ते बरोबर आहे, पण परतीला तुमची आई मागं बसलेली असणार.

माणदेशी

@स्टेअरिंगवाला, हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवा कुणीतरी.

चार_चाकी_चिकित्सक

गाडी ओळखीच्या माणसाची घेतली तर निम्म्यात होईल. आमच्या गल्लीत एकाकडे एर्टिगा आहे. डिझेल-पेट्रोल आणि वर हजार-दीड हजार देतो आम्ही त्याला.

स्टेअरिंगवाला

पांढऱ्या पाटीची ना? ती खाजगी गाडी आहे. पैसे घेऊन भाडं मारायची तिला परवानगी नाही. देव न करो, पण काही झालं आणि गाडी भाड्यानं होती हे निघालं तर विमा कंपनी हात वर करते. पिवळी पाटी, काळी अक्षरं, टुरिस्ट परमिट बघून बसा. स्वतः चालवायला भाड्यानं घेतलीत तर काळी पाटी, पिवळी अक्षरं.

चार_चाकी_चिकित्सक

अख्खं सोलापूर पांढऱ्या पाटीवर तुळजापूरला जातं. काही होत नाही.

एमएच_तेरा

होत नाही तोवर होत नाही.

चार_चाकी_चिकित्सक

आणि पिवळ्या पाटीवाले काय देवदूत? पासिंग संपलेल्या, टायर घासलेल्या गाड्या पिवळ्या पाट्या लावून फिरतात त्यांचं काय?

स्टेअरिंगवाला

त्याही घेऊ नका. टायर बघायला मेकॅनिक लागत नाही, वाकून बघायचं.

व्यवस्थापक

पाट्यांवरचे पुढचे नऊ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे डोंगराकडे वळा.

घाटवाट

सगळे गाडीवरच बोलतायत म्हणून लिहितो. डोंगरावरच्या देवाला गाडीनं जाणं मला पटत नाही. शिखरला खरी वाट मुंगी घाटाची. आपल्या माळशिरस तालुक्यातल्या कोथळ्याच्या बाजूनं ती वर चढते. द्वादशीला सासवडची तेल्या भुत्याची कावड याच घाटानं वर नेतात. कऱ्हेचं पाणी असतं त्यात. दोर नाही, काही नाही. माणसांची साखळी करतात, एकमेकांचे हात धरून, खांद्याला खांदा लावून ती अवजड कावड कड्यावरून वर सरकवतात. खालून 'हर हर महादेव' सुरू झालं की अंगावर काटा येतो. हे बघितल्यावर एसीत बसून वर जायचं आणि म्हणायचं शिखर करून आलो?

शेंगाचटणी

घाटवाट साहेब, त्यांच्या आईंचे गुडघे तुम्ही नेणार का खांद्यावर?

घाटवाट

आईंनी चढा असं कुठं म्हटलं? भाऊ धडधाकट आहे, भावजय धडधाकट आहे.

जुळे_सोलापूरकर

भाऊ आयटीत आहे. धडधाकट हा शब्द जरा जपून वापरा.

माणदेशी

@घाटवाट, मुंगी घाटाचं तुम्ही लिहिलंय ते खरंय, पण एक सांगतो. कावडी नेणाऱ्यांच्या घरची म्हातारी माणसं आधी एसटीनं आणि टेम्पोनं वर येऊन बसलेली असतात. त्यांना कुणी कमी भक्त म्हणत नाही. आणि नवख्यानं, त्यातही मार्चच्या उन्हात, वाट माहीत नसताना त्या घाटाला हात घालू नये. यात्रेत हजारो हात असतात, एरवी तिथं कुणी नसतं.

घाटवाट

हे मान्य. निदान वर गेल्यावर कड्यापाशी जाऊन तो घाट वरून तरी बघा. नवऱ्या मुलाला दाखवा.

मल्लय्या_दास

डोंगराचा विषय निघालाय म्हणून. आपण सोलापूरकर शिखरला जातो, जेजुरीला जातो, पण आपल्या गावाचा खरा डोंगर आंध्रातला श्रीशैल आहे हे किती जणांना माहितीय?

आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. लहानपणी गुरं राखायचे. शेतात एक जंगम आला, त्यानं हुरडा मागितला. सिद्धरामांनी भाजून दिला. मग तो म्हणाला पोट जळतंय, ताक-आंबील आण. हे घरी जाऊन घेऊन येईपर्यंत माणूस गायब. त्यानं नाव सांगितलं होतं मल्लय्या, गाव श्रीशैल. पोरगं 'मल्लय्या, मल्लय्या' करत यात्रेकरूंबरोबर थेट श्रीशैलला गेलं. तिथं देवळातलं लिंग दाखवून लोक म्हणाले हाच मल्लय्या. हे म्हणालं, हा दगड आहे, मला भेटलेला माणूस पाहिजे. शेवटी कड्यावरून उडी टाकायला निघाले तेव्हा मल्लिकार्जुनानं हात धरला आणि सांगितलं, परत जा, तुझं गावच श्रीशैल कर. त्यातून अडुसष्ट लिंगं, तळं, आणि आपला गड्डा, म्हणजे संक्रांतीची यात्रा.

हुरडा खाताना एवढी गोष्ट पोरांना सांगावी म्हणतो मी. हुरडा पार्टीला सेल्फी काढतात नुसत्या.

कडकभाकरी

गड्ड्याला सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्नाच्या अक्षता पडतात, तिकडं शिखरला चैत्र अष्टमीला महादेवाचं लग्न. आपल्याकडं देवांची लग्नंसुद्धा माणसांपेक्षा वेळेवर लागतात.

जुळे_सोलापूरकर

@मल्लय्या_दास, तुम्ही आमच्या घरातल्या आगीत तेल ओतलंत. भावजय अशोक चौकातल्या पद्मशाली घरातली. तिच्या माहेरच्यांचं म्हणणं, लग्नानंतर श्रीशैल झालंच पाहिजे. आता ते म्हणतायत शिखरच्या ऐवजी तिकडंच सगळे चला, गाडी करायचीच आहे तर. आई ऐकून गप्प झालीय. ती गप्प झाली की घरात काळजी सुरू होते.

भाग्यनगरी_सोलापुरी

सोलापूरहून श्रीशैल एका दिवसात? विसरा. हैदराबादवरून गेलात तर पाचशे किलोमीटरच्या वर एकेरी. पण तुमचा भाऊ हैदराबादला राहतो ना? मग प्रश्नच मिटला. तिथून ते सव्वादोनशेच्या आसपास आहे, आम्ही इथले लोक गाडी करून एका दिवसात जाऊन येतो. पहाटे निघायचं. नल्लमलाच्या जंगलातला रस्ता व्याघ्र प्रकल्पातून जातो आणि रात्री वाहनांना बंद असतो. त्यामुळे फार लवकर पोचूनही नाक्यावर थांबावं लागतं आणि परतताना उशीर करून चालत नाही. घाटात वळणं भरपूर, पोटात कमी ठेवून बसा. मल्लिकार्जुनाचं ज्योतिर्लिंग आणि भ्रमरांबेचं शक्तिपीठ एकाच आवारात. येताना वरून कृष्णेवरचं धरण दिसतं, मुलांना आवडतं.

शिखर तुम्ही सोलापुरातून करा, श्रीशैल ते दोघं हैदराबादेतून करतील. दोन्ही व्याही खूश.

निवृत्त_पाटकरी

मी पाटबंधाऱ्याचा माणूस, मला देवापेक्षा पाणी लवकर दिसतं. शिखरच्या डोंगराच्या उत्तर अंगाला पडलेला पाऊस नातेपुत्याकडं उतरून नीरेत जातो. नीरा भीमेला मिळते नीरा-नरसिंहपूरला, आणि तेच पाणी पुढं पंढरपुरात चंद्रभागा होतं. दक्षिण अंगाचा पाऊस माणगंगेत. ती म्हसवड, आटपाडी, सांगोला करत पंढरपूरच्या खाली सरकोलीला भीमेत येते. भीमा पुढं रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा जाते श्रीशैलच्या पायथ्याशी.

म्हणजे विहिणींनी भांडायचं कारणच नाही. शिखरचं पाणी श्रीशैललाच जातंय.

शेंगाचटणी

_/\_ दंडवत काका. हा प्रतिसाद आईंना वाचून दाखवा हो कुणीतरी.

जुळे_सोलापूरकर

वाचून दाखवला. आई म्हणाली, "म्हणजे आमचा देव वरच्या अंगाला आहे." आता बोलायला लागलीय.

एमएच_तेरा

एक राहिलं. मार्चात कारखान्यांचा हंगाम संपत आलेला असतो पण सगळे बंद झालेले नसतात. वेळापूर-माळशिरस भागात दोन दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्री बिनालाइटचे चालतात. मागं रिफ्लेक्टर असला तर नशीब. शिवाय ऊस ट्रॉलीच्या बाहेर चार फूट. अंधार पडायच्या आत पंढरपूर गाठा. आखणी करताना मी हेच आधी धरतो, दर्शन नंतर.

गोंदवलेकर_भक्त

जेवणाचं कुणी बोललंच नाही. शिखरहून गोंदवले तासाभराच्या अंतरात आहे. महाराजांच्या समाधीचं दर्शन आणि दुपारचा प्रसाद. साधं, गरम, शिस्तीत. आईंना हॉटेलचं तिखट चालत नसेल तर याहून चांगलं काय? मग म्हसवडवरून परत या.

एमएच_तेरा

तिकडं गेले तर परतीचा पालखी मार्ग गेला. मग म्हसवड-सांगोला-मंगळवेढा.

गोंदवलेकर_भक्त

जाऊ द्या की. रस्त्यासाठी देव सोडायचा?

स्टेअरिंगवाला

दुपारी एकला गोंदवले, तीनला निघालात तरी साडेसहा-सातला सोलापूर. जमतं. पण मग पंढरपूर नाही. एक काहीतरी धरा. मी गाडी चालवतो म्हणून सांगतो, अशा ट्रिपमध्ये चौथ्या देवळाला कुणी खाली उतरत नाही. 'तुम्ही जाऊन या, आम्ही बसतो' असं म्हणून निम्मी माणसं गाडीतच बसतात.

कडकभाकरी

जेवण घरूनच न्या. कडक भाकरी, शेंगाचटणी (सभासद नव्हे), दही, कांदा. सोलापूरच्या माणसानं प्रवासात जेवणाची चौकशी करावी याचं मला दुःख झालं.

शेंगाचटणी

सभासदही यायला तयार आहे, सीट शिल्लक असेल तर.

जुळे_सोलापूरकर

मंडळी, जाऊन आलो. धागा वर काढतोय, ज्यांनी एवढं लिहिलं त्यांना हिशेब द्यायला हवा.

पंढरपूर येतानाला ठेवलं, वेळापूर, गोंदवले आणि म्हसवड कापलं. गाडी पिवळ्या पाटीची. ड्रायव्हरला आदल्या दिवशीचं विचारलं तर तो हसला, म्हणाला, "दादा, असं पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं." शनिवारी दुपारपासून घरीच होता. पाचची वेळ ठरली होती, भावजयीच्या साडीमुळे साडेपाच झाले. (हे ती वाचते, म्हणून लिहितो, साडी छान होती.)

पालखी मार्ग खरंच सुंदर आहे. वाखरी सोडल्यावर उजाडलं. आई खिडकीतून रिंगणाच्या जागा दाखवत होती. बाजीरावाची विहीर, पुढं ठाकूरबुवाची समाधी. वडील असताना ती वारीत या रस्त्यानं चाललेली आहे, हे भावजयीला त्या गाडीत पहिल्यांदा कळलं. तिनं विचारलं, पाय दुखायचे नाहीत का? आई म्हणाली, दुखायचे की, पण सगळ्यांचेच दुखायचे. मग पुढचा तासभर दोघी मागच्या सीटवर बोलत होत्या आणि आम्ही तिघं मोठी माणसं, ड्रायव्हर धरून चौघं, गप्प ऐकत होतो.

नऊला वर होतो. पायऱ्या आईनं चढल्या. एका हातात काठी, दुसरा हात भावजयीच्या दंडावर, आणि दर थोड्या वेळानं एखाद्या दुकानासमोर थांबून पेढ्याचा भाव विचारायचा. घ्यायचे नव्हतेच, दम खायचा होता. तिसऱ्या दुकानदारानं ओळखलं, न बोलता स्टूल पुढं केलं. दर्शनाला गर्दी होती पण सरकती. आत गाभाऱ्यापाशी दोघांनी जोडीनं नमस्कार केला तेव्हा आईनं माझ्या बायकोलाही पुढं ढकललं, "तुम्ही पण व्हा, बारा वर्षांत एकदा आलायत."

बाहेर आलो तेव्हा साडेदहा-अकरा. फरशी तापली होती. @माणदेशी, मोज्यांसाठी तुम्हाला आईकडून आशीर्वाद आहेत, शब्दशः 'त्या पोराचं भलं होवो'. मुलगा मोजे नको म्हणाला आणि मग सावलीसावलीतून उड्या मारत पुष्कर तलावाकडं पळाला. भाऊ आणि भावजय कड्यापर्यंत जाऊन आले, मुंगी घाट वरून बघितला. भाऊ परत आला तो जरा गंभीर होता. म्हणाला, यातून कावड कशी वर आणतात? @घाटवाट, तुम्ही जिंकलात. त्याला द्वादशी कधी आहे ते विचारायचंय.

दुपारी झाडाखाली डबा खाल्ला, ड्रायव्हर तासभर झोपला. साडेपाचला पंढरपूर. नामदेव पायरीशी गेलो, कळसाला हात जोडले. रांग बघून आत गेलो नाही. इथं मात्र आई नाराज झाली. "पांडुरंगाच्या दारातून परत फिरले" हे मोहोळपर्यंत चाललं होतं आणि आजही मधूनच सुरू होतं. शेंगाचटणी म्हणाल्या होत्या विठोबा रागवायचा नाही. विठोबाचं माहीत नाही, आई रागावलीय.

साडेसातच्या आसपास घरी. खर्च टोल-भत्ता धरून सहा हजारांच्या आत बसला.

शेंगाचटणी

आईंना माझ्याकडून माफी सांगा. कार्तिकीनंतर गर्दी ओसरली की नुसतं पंढरपूर करा, तेवढ्यासाठी वेगळा दिवस काढा.

घाटवाट

भावाला माझा निरोप द्या, द्वादशीला या. पण पाहायला या. कावडीला हात लावायचा असेल तर आधी एक-दोन वर्षं नुसतं बघायचं असतं.

निवृत्त_पाटकरी

पुष्कर तलावात पाणी होतं का?

जुळे_सोलापूरकर

होतं काका, पण तळाशी. पायऱ्यांवर वर कुठवर पाणी चढतं त्याच्या खुणा दगडावर स्पष्ट दिसतात. मुलानं मोजायचा प्रयत्न केला.

निवृत्त_पाटकरी

शाबास. पावसाळा संपला की परत नेऊन दाखवा त्याला.

नवी_सभासद

धागा वाचून काढला. आम्ही पुण्याहून जाणार आहोत, सासूबाई आणि दोन चुलत सासवा, तिघींचेही गुडघे. जेजुरी आणि शिखर एका दिवसात होईल का? मोरगावही वाटेवर पडतं असं सासूबाई म्हणतायत.

कडकभाकरी

स्टेअरिंगवाले भाऊ, गिऱ्हाईक आलंय.